पपनसाची पुनव

कार्तिकातल्या पुनवेला फळाईच्या माळावर एवढी गर्दी लोटली होती की पाथरीहून आलेल्या जीपांना उभं राहायला जागा उरली नव्हती. बाया कडेवर लेकरं घेऊन टाचा उंचावत होत्या. पोरं बाभळीवर चढून बसली होती. देवळापुढच्या चौथऱ्यावर मंजुषा बसली होती, हिरवं लुगडं नेसून आणि केस मोकळे सोडून. तिचे दोन्ही हात थरथरत होते. हातात दिलेल्या तांब्याच्या पेल्यातलं पाणी काठावरून सांडत होतं, आणि ते सांडलेलं पाणी बाया बोटानं टिपून डोळ्याला लावत होत्या.

"हॅलो, हॅलो, माइक चेक," बन्सीधर महाराज म्हणाला. देवी यायच्या आधी माइक तपासायची त्याची जुनी सवय. पूर्वाश्रमी तो जिंतूरला लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा. "बोला फळाई माते कीऽऽ! अरे, किडनी कुणाची? बापाची! शरीर कुणाचं? लेकीचं! आन् आत येऊन बसली कोण? आई! डाक्टरानं पोट उघडलं, आईला दार उघडं दिसलं, आई आत येऊन बसली! सायन्सला जमंल का हे?"

"न्हाई!" माळ ओरडला.

मी त्या गर्दीतून वाट काढत चौथऱ्याकडे निघालो. मी या गावचा निवृत्त विज्ञान शिक्षक, बालाजी सर. नारळातून धूर काढणारे, लिंबातून रक्त काढणारे असे कैक महाराज मी भर सभेत उघडे पाडलेत. त्याचा मला गर्व होता, आणि तो आधीच सांगून टाकतो, कारण ही गोष्ट त्या गर्वाचीही आहे.

महाराजाचं सगळं नाटक एका झाडाभोवती होतं. देवळामागं पपनसाचं झाड आहे. आमच्या भागात पपनस विरळाच. डोक्याएवढं ते फळ बघूनच देवीचं नाव फळाई पडलं. त्या फळाचा रस पाण्यात कालवून महाराज तीर्थ म्हणून द्यायचा. सगळ्या गावानं ते प्यायचं आणि थरथरायचं फक्त मंजुषानं. म्हणून तर लोक म्हणायचे, "आईनं तिलाच निवडलं."

मी ठरवून आलो होतो. चौथऱ्यावर चढलो आणि म्हणालो, "हेच तीर्थ मला द्या. पेला भरून."

महाराज हसला. "घ्या की सर. आई काय भेदभाव करती का?"

मी सगळ्यांदेखत पेला रिकामा केला. मग तळहातावर कागद ठेवून दीड तास तिथंच बसलो. कागद हलला नाही. मी उठून माइक ओढून घेतला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "रसात काही नाही. मी प्यायलो, मला काही झालं नाही. देवीही कुठं नाही. मग उरलं काय? ढोंग! ही पोरगी ढोंग करतेय."

मंजुषानं मान वर केली. तिचे डोळे ताळ्यावर होते, अंगात आलेल्या माणसासारखे नव्हते. मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात ती म्हणाली, "सर, म्या करत न्हाई. हात आपोआप हलायलेत."

"मंजुषा," मी म्हणालो, "दहावीला तुला प्रयोगाचे गुण मीच दिले होते. नाटकाचे मागू नकोस."

लोकांनी माझी हुर्यो उडवली. मी ताठ मानेनं घरी आलो आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मंजुषा सिताराम नानांची एकुलती एक मुलगी. नाना पाथरीच्या स्टँडवर एस.टी.चे कंट्रोलर होते. बत्तीस वर्षं गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली हेच लिहीत राहिले. मंजुषाच्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. ठरलेली सोयरीक मोडली. दोन वर्षं बाप-लेक आठवड्यातून दोनदा परभणीला डायलिसिसला जात होते. मग संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात नानांनी आपली एक किडनी लेकीला दिली. साठीला आलेल्या माणसाची किडनी, पण बसली आणि चालली. पहिल्यांदा लघवी झाली तेव्हा नानांनी त्या वॉर्डात पेढे वाटले होते.

अशा माणसाला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. बाहेरून आलेला अवयव शरीर परका मानतं आणि त्याच्यावर तुटून पडतं. गोळ्या त्याला आवरून धरतात. डोस कमी पडला तर किडनी जाते, जास्त झाला तरी त्याच गोळीनं किडनी होरपळते. म्हणून रक्त तपासून डोस ठरवायचा असतो. त्या दवाखान्यात हे सांभाळणारी एक बाई होती. क्लिनिकल फार्मासिस्ट, सुकेशनी मॅडम, मूळच्या ताडकळसच्या. आपल्याकडं औषधवाला म्हणजे काउंटरमागं गोळ्यांची पट्टी कापून देणारा. हिचं काम वेगळं. कोणती गोळी कुणाला किती, कशासोबत चालते, कशासोबत बिघडते, हे ती प्रत्येक पेशंटचं बघायची आणि घरी फोन करून विचारायची.

घरी जाताना तिनं नानांना एक वही दिली होती. "काका, गोळीची वेळ यात लिहायची."

नानांना आनंदच झाला. त्यांनी वहीत स्टँडसारखे रकाने आखले. 'सकाळी ८.०० गोळी. ८.३५ चहा. रात्री ८.०० गोळी.' आठ म्हणजे आठ. गोळीला एक मिनिट उशीर झाला तर नाना लाल शाईनं कारण लिहायचे.

पुढं नवरात्र आलं. कमलबाईंनी, म्हणजे मंजुषाच्या आईनं, नवस बोलला होता की ऑपरेशन निभावलं तर पोरगी नऊ दिवस फळाईचं तीर्थ घेईल. आठव्या माळेला मंजुषाच्या हातातून ताट सुटलं. बोटं थरथरत होती. महाराजानं तिथंच जयघोष केला. दसऱ्यानंतर तीर्थ बंद झालं, थरथर ओसरली. कोजागिरीला महाराजानं तिला पुन्हा बोलावलं आणि नेम घालून दिला की दर महिन्याला दशमीपासून रोज सकाळी तीर्थ, आणि पुनवेला चौथऱ्यावर बसणं. दर पुनवेला हात हलले. गावोगावच्या जीपा यायला लागल्या.

मी माळावर तीर्थ प्यायलो त्यानंतर दोनच दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट बिघडला. औषध रक्तात जवळजवळ तिप्पट होतं. सुकेशनी मॅडमचा फोन आला तेव्हा मी नानांच्याच ओट्यावर बसलो होतो.

"काका, नवीन औषध काही? खोकल्याचं? दुसऱ्या डॉक्टरचं? जडीबुटी?"

"न्हाई मॅडम. तुमच्या गोळ्यांबिगर एक कण न्हाई."

"खाण्यापिण्यात काही बदल?"

"घरचीच भाजी-भाकर हाय."

नाना खोटं बोलले नाहीत. आमच्याकडं तीर्थ खाण्यापिण्यात मोजत नाहीत. कडक निर्जळी उपास असला तरी तीर्थानं तो मोडत नाही. त्यांच्या लेखी पोरीच्या पोटात काहीच वेगळं गेलं नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी परत तपासणी केली तर आकडा ठीक आला. रक्त गोळीच्या आधी द्यायचं असतं, आधीच्या खेपेला चुकून नंतर दिलं असेल, असं तिकडं सगळ्यांनी धरलं. आणि मी? शेजारी बसून सगळं ऐकत होतो. पोरीचे हात हलतात हे फोनवर सांगावं, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ढोंग डॉक्टरला कशाला सांगायचं?

मार्गशीर्षाची पुनव दणक्यात झाली. पौषात मात्र घोटाळा झाला. झाडावरची फळं संपली होती. तीर्थ म्हणून नुसतं साखरेचं पाणी होतं. पुनवेला मंजुषा चौथऱ्यावर बसली आणि हात काही हलेनात. तास गेला, दोन तास गेले. लोक कुजबुजायला लागले.

महाराज डोळे मिटून बसला होता. मग माइकवर फुंकर मारून म्हणाला, "आई रुसली. आईला इटाळ झालाय. रोज दोन टायमाला विलायती गोळ्या! ज्या घरात देव, त्या घरात जहर कामून ठिवता? एकवीस दिवस गोळ्या बंद. आई तुमची किडनी सांभाळती का न्हाई ते बगा!"

घरी वाद झाला. मंजुषा म्हणाली, "मॅडमला इचारू." कमलबाई म्हणाल्या, "सगळा तालुका पाया पडायलाय तुझ्या. आईचा कोप झाला तर?" नानांनी आणखी दोन दिवस गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवसापासून वहीच्या रकान्यात '८.०० गोळी रद्द' असं यायला लागलं. फोनवर त्यांनी 'गोळ्या चालू' सांगितलं. आयुष्यातली पहिली खोटी नोंद, असं नंतर ते स्वतःच म्हणाले.

पहिले दहा दिवस काही झालं नाही. गावात पेढे वाटले गेले. गोळ्यांविना किडनी चालते, आणखी कसला पुरावा पाहिजे? शरीराला परका अवयव ओळखून त्याच्यावर चालून जायला वेळ लागतो, हे कुणाला ठाऊक नव्हतं. एकोणिसाव्या दिवशी मंजुषाचे पाय सुजले, ताप भरला, लघवी थांबली.

मी त्यांच्याबरोबर संभाजीनगरला गेलो. डॉक्टरांनी सगळे उपाय केले. सहाव्या दिवशी त्यांनी नानांना खुर्चीत बसवलं आणि सांगितलं की किडनी गेली.

नानांनी आपल्या कुशीवरच्या व्रणावर हात ठेवला. मग म्हणाले, "साहेब, माझी दुसरी हाय की."

शेजारी उभी असलेली एक सावळी, चष्मेवाली बाई पुढं झाली आणि नानांसमोर गुडघ्यावर बसली. "काका, दुसरीवर तुम्ही जगताय. ती घेता येत नाही." ती सुकेशनी.

मग तिनं तिच्या पद्धतीनं विचारलं, "घरून आणलेली पिशवी दाखवता? आणि वही?"

वहीचं पान न् पान तिनं वाचलं. गोळी रद्दची पानं वाचताना तिनं ओठ आवळले, पण तिथं थांबली नाही, मागं मागं जात राहिली. रक्त दिल्याच्या दिवशी नानांनी लिहिलं होतं, '७.४० रक्त. ८.०० गोळी.' म्हणजे रक्त वेळेतच दिलं होतं. ती आणखी मागं गेली आणि एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"८.१० तीर्थ. काका, हे तीर्थ कशाचं?"

"फळाईचं. पपनसाच्या रसाचं."

तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. जिथं जिथं तीर्थ, तिथं पेन्सिलीनं खूण केली. मग विचारलं, "या दिवसांत हिला काही त्रास? डोकं? झोप?"

नाना म्हणाले, "हात हलायचे. अंगात यायचं ना तिच्या."

सुकेशनीनं चष्मा काढला. "अंगात नाही, काका. रक्तात. टॅक्रोलिमस, म्हणजे हिची ही गोळी, रक्तात जास्त झाली की हात थरथरतात. ते आमच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर असतं."

मी विचारलं, "पण तो रस सगळं गाव प्यायचं. मी स्वतः पेलाभर प्यायलो."

तिनं मला उत्तर दिलं नाही, नानांनाच समजावलं. "काका, समजा डेपोतून दहा गाड्या सुटल्या. फाटकावरचा माणूस सात-आठ अडवतो, दोन-तीनच गावात पोचतात. ही गोळी तशी आहे. आतड्यातच तिचा बराच भाग मोडला जातो, ते धरूनच आम्ही डोस ठरवतो. पपनस त्या फाटकावरच्या माणसाला झोपवतं. मग जास्तीच्या गाड्या गावात शिरतात. हात हलतात, आणि किडनीही होरपळते."

"आन् आमाला काय झालं न्हाई?"

"तुमच्या डेपोत ती गाडीच नाही, काका. गोळी घेत होती ती एकटी मंजुषा."

नानांना कळलं. इतकं चटकन कळलं की ते बघवेना. त्यांनी स्वतःच वहीत बोट फिरवलं. फळं संपली, तीर्थ संपलं, हात थांबले. सगळं त्यांच्याच अक्षरात, वेळेसकट लिहिलेलं होतं.

"चूक माझीही आहे," सुकेशनी म्हणाली. "आमच्या कागदावर ग्रेपफ्रूट टाळा असं छापलंय. ते परभणीत कुणी बघितलंय? पपनस त्याचंच भावंड. तुमच्या गावात कोणतं झाड आहे हे मी विचारायला हवं होतं." तिचे डोळे भरले होते. कामाच्या जागी रडायची सवय नसलेल्या माणसासारखी ती पटकन उठून गेली.

मी मंजुषाच्या खाटेजवळ गेलो. मी म्हणालो, "तू त्या दिवशी खरं बोलत होतीस."

"हां, सर." ती छताकडं बघत होती. "पर मला बरं बी वाटायचं. सोयरीक मोडल्यावर कुणी हळदीकुंकवाला बोलवत नव्हतं. तिथं बाया पाया पडायच्या. हात हलायचे थांबले तवा म्याच घाबरले, की आता परत कुणी इचारणार न्हाई." तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमी एकडाव हात धरून बगितला असता, सर."

मी खाली बघितलं. छत्तीस वर्षं मी पोरांना शिकवलं की आधी निरीक्षण करा, मग निष्कर्ष काढा. त्या चौथऱ्यावर मी निष्कर्ष घेऊनच चढलो होतो.

पुढच्या पुनवेला नाना माळावर गेले. मी सोबत होतो, पण या खेपेला तोंड उघडायचं नाही असं ठरवून गेलो होतो. महाराज नवीन पोरगी बसवायच्या तयारीत होता. नानांनी त्याच्या हातून माइक घेतला आणि स्टँडवर गाडी पुकारायचे त्या सरळ आवाजात वाचायला सुरुवात केली.

"आश्विन, घटस्थापना. आठ वाजता गोळी. आठ दहा, तीर्थ. अष्टमी, हात हलले. दसऱ्यानंतर तीर्थ बंद, हात बंद. कोजागिरी, तीर्थ, हात हलले. कार्तिक, तीर्थ, हात हलले. मार्गशीर्ष, तीर्थ, हात हलले. पौष, फळ न्हाई, हात न्हाई. गोळी रद्द. गोळी रद्द. गोळी रद्द." इथं त्यांनी पान उलटलं. "किडनी बंद."

मग त्यांनी डेपोच्या फाटकाची गोष्ट सांगितली, सुकेशनीनं सांगितली तशीच.

"मला काय ठाव?" महाराज चाचरला. "म्या डाक्टर हाय का? आईची इच्छा..."

देवळाची झाडलोट करणाऱ्या सुलाबाई पायरीवरून उठल्या. "ठाव नव्हतं तर शेवटची सात फळं वाळूत कामून पुरली होतीस रं? पौषासाठी राखून ठिवली म्हणलास. सडली तवा मलाच शिव्या घातल्यास. प्याली की हलती, एवढं तुला पक्कं ठाव होतं."

एवढंच होतं त्याचं दैवी ज्ञान. का हलतात हे त्याला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. आता जादूटोणाविरोधी कायद्याखाली त्याच्यावर गुन्हा दाखल आहे, तारखा पडतायत. माळ ओस पडला. झाड मात्र लोक तोडायला निघाले होते, ते सुकेशनीनं फोनवरून थांबवलं. "झाडानं काय केलंय? फळ चांगलं आहे. फक्त त्या गोळीसोबत नको."

आता मंजुषा आठवड्यातून तीनदा परभणीला डायलिसिसला जाते. परवा स्टॉपवर मला तिघं भेटले. कमलबाई तोंडाला पदर लावून बाजूला उभ्या होत्या; हल्ली त्या कुणाशी बोलत नाहीत. नानांच्या बगलेत वही होती. आता ते मशीन कधी सुरू झालं, कधी थांबलं ते लिहितात.

मी म्हणालो, "नाना, तुम्ही एवढे वेळेचे पक्के. त्या महाराजावर विश्वास कसा बसला?"

नाना रस्त्याकडं बघत होते. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर मला सोसलं असतं.

"महाराजावर कुठं बसला, सर? मला नवरात्रापासून शंकाच होती, की पाण्यात काय कालवलंय का. कार्तिकात तीर्थ बंदच करणार होतो. मंग तुमी चौथऱ्यावर चढून पेलाभर प्यालात. सगळ्यांम्होरं सांगितलं, रसात काय न्हाई. म्हणलं, सर सायन्सचे हायत. सर म्हणतेत तर रस चांगलाच असंल."

गाडी आली. नानांनी वेळ लिहिली आणि लेकीला हात देऊन वर चढवलं.

म्हणून ही गोष्ट सांगितली. चमत्कार दिसला तर पाया पडू नका, आणि माझ्यासारखं पटकन हसूही नका. जवळ जा, हात हातात घेऊन बघा, कधीपासून हलतो ते विचारा, लिहून ठेवा. घरात कुणाला कायमच्या गोळ्या असतील तर पोटात जाणारं सगळं औषधाच्या जाणकाराला सांगा. तीर्थ, प्रसाद, अंगारा, काढा, सगळं. देवाचं म्हणून आतडं ते वेगळं काढत नाही. सुकेशनी मॅडम आता प्रत्येक पेशंटला पहिला प्रश्न तोच विचारतात. आणि ज्याला ठाऊक नाही त्यानं, मग तो महाराज असो की सर, माइक हातात घेऊ नये.